मावशींनाही गटात घ्या

मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत अकरा वर्षं सिस्टर आहे. गेल्या वर्षी आमच्यासारख्यांना मनातलं बोलता यावं म्हणून बाहेर एका सायकॉलॉजिस्ट मॅडमनी चालवलेल्या गटात जायला लागले. आठ माणसं, दर शनिवारी दीड तास. इथलं इथेच राहील, हा पहिला नियम. पहिले दोन शनिवार मी तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या शनिवारी आमच्याच वॉर्डातल्या मावशी बोलल्या. (त्यांना विचारून लिहितेय.) २०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, बॉडी बॅगेत घालून चेन लावायचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणाल्या, "सिस्टर, पोरगा दप्तराची चेन ओढतो ना, तो आवाज आला की मी मोरीत जाऊन उभी राहते. ह्यांना वाटतं, धुणं धुतेय."

त्या बॅगांवर नावाची पट्टी मी चिकटवायचे. एकाच थर्मासातला चहा आम्ही रोज प्यायलो आणि यातलं एक अक्षर कधी बोललो नाही. त्या दिवशी मी बोलले. रडलेच म्हणा.

वॉर्डात मोठा प्रसंग झाला की सगळ्यांना एकदा हॉलमध्ये बसवून बोलतं करायचं, एवढ्यावर काम भागत नाही. एकाच बैठकीत सगळं बोलून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. तीच माणसं महिनोन्महिने भेटली तरच बोलायचा धीर होतो. लंडनमध्ये मायकेल बॅलिंट यांनी १९५०च्या दशकात असे गट सुरू केले, पण ते डॉक्टरांचे. आपल्याकडे बॉडी उचलतात मावशी आणि मामा, तेही बहुतेक कंत्राटावर. त्यांना कोण विचारतं?

आणि गट ड्युटीच्या वेळेतच हवा. सुट्टीच्या दिवशी दिव्याहून लोकल धरून कोण येणार? मावशींची शेजारीण गावी गेली, पोराला बघायला कुणी नाही, तर दोन शनिवार बुडाले. मेट्रन आणि एचआर त्या खोलीत नकोत. "गटात जाते म्हणजे डोक्याने कमजोर" हे मी रोस्टर लावणाऱ्या बाईंच्या तोंडून ऐकलं आहे, अजून टोचतं.

ज्यांना झोपच नाही, जीव नकोसा झालाय, त्यांनी मात्र गटाची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आमच्या हॉस्पिटलातच असा गट सुरू करा, असा मी अर्ज लिहिलाय: बुधवारी दोन ते साडेतीन, हजेरी धरून, मावशी-मामांसकट. पहिली सही मावशींची आहे, दुसरी माझी. तुमच्या हॉस्पिटलात द्यायचा असेल तर मेसेज करा, नमुना पाठवते.