ती गोष्ट कुठे टाकू?

१० ऑक्टोबर आला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन आला, की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'नैराश्यावर मात' छापाची एखादी मुलाखत पडतेच. गेल्या वर्षी मावशीने टाकली आणि खाली मुलाला उद्देशून लिहिलं, 'बघ रे, हा तर मॅरेथॉन धावला!' मावसभाऊ सात वर्षं गोळ्या घेतोय. ग्रुपवर त्याने नुसता अंगठा दाखवला. रात्री मला फोन. "ताई, मी आज आंघोळ केली. ती गोष्ट कुठे टाकू?"

मी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला राहते. इथल्या विद्यापीठातल्या 'निऑन' संशोधनात मानसिक आजारातून सावरलेल्यांच्या शेकडो खऱ्या गोष्टी ऑनलाइन उपलब्ध केल्या होत्या. सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाशी नातं तुटणं) नसलेल्या १,०२३ जणांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४मध्ये आले. गोष्टी मिळालेल्यांचं जगणं थोडं सुधारलं, जगण्याला अर्थ आहे असं जास्त वाटू लागलं. पण याच संशोधकांच्या आधीच्या अभ्यासात दुसरी बाजूही आहे. काहींना गोष्ट ऐकून आपणच कमी पडलो असं वाटतं, काही जास्त एकटे पडतात. खाण्याचे विकार असलेले काहीजण तर गोष्टीतल्या घातक सवयीच उचलतात.

आपल्याकडचा वाद मात्र सांगणाऱ्याभोवतीच फिरतो. एक म्हणतो, बोललंच पाहिजे. दुसरा म्हणतो, दुःखाचा बाजार मांडलाय. ऐकणाऱ्याला कोणी विचारत नाही. 'मात' हा शब्दच बुद्धिबळाच्या पटावरचा. डाव संपला, एक जिंकला. रोज सकाळी गोळी घेणाऱ्याने त्यात कुठे बसायचं? कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक राहिलेल्या जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या अनुभवातून पुण्यात 'सा' (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) ही संस्था उभी केली. त्या गोष्टीत मात नाही, वर्षानुवर्षांची सोबत आहे. मला तीच जास्त धीर देते.

इंग्लंडचे गोडवे गाणार नाही. सरकारी समुपदेशनाला कित्येकांना महिनोन् महिने थांबावं लागतं, आणि गोष्टी सरकारला स्वस्त पडतात, हेही खरं. पण 'निऑन'मध्ये माणूस गोष्ट स्वतः उघडायचा, नको वाटली की बंद करायचा. घरी ती आईच्या हातून येते, टोमण्यासकट.

हे मावशीला सांगितलं. "पाठवण्याआधी विचार, हवी का." ती म्हणाली, "पोटच्या पोराला विचारायचं? तुमचं इंग्लंड!"

परवा भावाने ग्रुपवर 'मधुमेहावर मात' असा लेख टाकला. खाली लिहिलं, 'बघ गं आई, ह्या बाईंनी साखर सोडली.' दोन दिवस मावशीचं सुप्रभात आलं नाही.