लातूर म्हणजे पंधरा

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडतीवर मी दिवाळीआधी 'तीन दिवसांचं काम' घेतलं. ते संक्रांतीपर्यंत चाललं.

आडतीवर तीन प्रोग्राम, तीन वेगळ्या संगणकी भाषांत. पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा, पीएचपीत, आडतवाल्या अप्पांच्या भाच्यानं लिहिलेला. भाचा आता पुण्यात असतो आणि फोन उचलत नाही. काट्यावरचा पायथॉनमध्ये, कारण काटा बसवणाऱ्या पोराला तेवढंच येत होतं. तिसरा, शेतकऱ्याच्या मोबाईलवर पट्टी दाखवणारा, मी जावास्क्रिप्टमध्ये लिहायचा होता. तिघांना एकमेकांशी बोलतं करायचं, बस. आमच्या घरी तीन जावा एका ओट्यावर नांदतात, तेव्हा मला वाटलं, हे काय अवघड!

काट्यावरच्या पोरानं माहिती 'पिकल' करून ठेवली होती. पिकल म्हणजे लोणचंच, आणि ही बरणी पायथॉनशिवाय कुणाला उघडत नाही. पायथॉनवाले स्वतःच बजावतात की अनोळखी माणसाचं पिकल उघडू नका, आत दडवलेला कोड उघडताक्षणी चालू होऊ शकतो. पीएचपीनं तर बरणीला हातच लावला नाही.

पीएचपीची तऱ्हा वेगळी. ती मजकूर बांधताना आधी 'एस' लिहिते, मग आकडा, मग अवतरणात मजकूर. एका शेतकऱ्याचं गाव चुकून लातूर पडलं होतं, पाहिजे होतं औसा. मी म्हटलं, एवढ्यासाठी कशाला प्रोग्राम, हातानंच बदलू. लातूरपुढं आकडा होता 15. का, ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी नुसतं नाव बदललं. चाळीस कट्ट्यांसकट शेतकरी गायब! आकडा चुकला की पीएचपी अख्खी नोंद नाकारते. मग मी औसाची अक्षरं मोजली: दोन. नाही. काना वेगळा धरून तीन. तरी नाही. रात्री साडेअकराला उजेड पडला की ती अक्षरं नाही, बाइट, म्हणजे साठवणीची जागा, मोजते, आणि यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. काना, उकार, सगळे तीन-तीन. म्हणजे औसा नऊ आणि लातूर पंधरा. गुरुजींनी आम्हाला ला, तू, र अशी तीनच शिकवली होती.

शेवटी तिघांनी जेसन, म्हणजे माहिती साध्या मजकुरात लिहायची सामायिक पद्धत, बोलावं असं ठरवलं. जेसन सगळ्यांना येतं. फक्त त्यात आकडा आहे, मजकूर आहे, होय-नाही आहे, यादी आहे, तारीख हा प्रकारच नाही. पीएचपीनं तारीख सेकंदांत पाठवली. माझ्या जावास्क्रिप्टनं ती सेकंदाच्या हजाराव्या भागात वाचली. दोघांची मोजणी 1 जानेवारी 1970 पासूनच सुरू होते, त्यामुळे भांडण नाही, तक्रार नाही. हंगामातल्या झाडून सगळ्या पट्ट्यांवर एकच तारीख आली: 21 जानेवारी 1970.

अप्पांनी चष्मा वर केला. "सत्तर साली सोयाबीन? लेका, तवा आमच्याकडं ज्वारी अन् करडई होती. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं सोयाबीन तू आणलंस कुठून?"

मी समजावू लागलो. अप्पा उठले आणि ट्रंकेतून निजामाच्या काळातली एक पावती घेऊन आले. उर्दूतली. समोरच्या चहावाल्या चाचांना बोलावलं. चाचांनी कागद लांब धरून वाचलं, "सन 1347 फसली."

"फसली म्हणजे महसुली सन, इसवीसाठी 590 मिळवायचे," मी हुशारी दाखवली, "म्हणजे 1937."

"तुला कसं कळलं मिळवायचे?"

"फसली लिहिलंय की, अप्पा."

"मग तुझ्या आकड्यापुढं कामून नाही लिहिलं, सेकंद हाय का काय हाय ते?"

चाचा हसले. मी चहा सांगितला.

त्या रात्री बसून तारीख सरळ मजकुरात लिहिली: आधी साल, मग महिना, मग दिवस, मग वेळ. सकाळी अप्पांचा फोन आला. तारीख बरोबर होती. ग्रिनिचच्या वेळेत साडेपाच तास मिळवायचे तेवढे राहिले होते.

"इंजिनेर साहेब, आमचा सौदा अकराला निघतो. तुमच्या मोबाईलवर पहाटं साडेपाचला निघाल्याला हाय. त्या टायमाला यार्डात कुत्रीबी झोपल्याली असत्यात."