कातालान ‘स्पॅनिशची बोली’ नव्हे, आणि ती एकट्या बार्सिलोनाचीही नव्हे

स्पेनच्या ईशान्येकडील कातालोनिया या प्रदेशाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न बातम्यांत आला की एक मजकूर पुन्हा फिरू लागतो: “कातालान ही स्पॅनिशचीच बोली आहे, ती बार्सिलोना आणि आसपासच्या भागातच चालते, आणि स्पेनमधून फुटून निघू पाहणारे लोकच तिचा हट्ट धरतात.” यातील तीनही विधाने चुकीची आहेत. सर्वांत मोठी चूक प्रदेशाविषयीची असल्यामुळे तिच्यापासून सुरुवात करतो.

कातालान चार देशांत बोलली जाते. स्पेनमध्ये कातालोनियाखेरीज बालेआरिक बेटांवर आणि वालेन्सिया प्रांतात तिला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत दर्जा आहे, तर शेजारच्या आरागोन प्रांताच्या पूर्व सीमेवरील गावांच्या पट्ट्यात ती अशा दर्जाशिवायच घराघरांत टिकून आहे. हा विस्तार आजच्या राजकारणातून झालेला नाही. कातालोनियावरही राज्य करणारा आरागोनचा राजा जाउमा पहिला याने १२२९ मध्ये मायोर्का बेटावर स्वारी केली आणि १२३८ मध्ये वालेन्सिया शहर घेतले. त्यानंतर उत्तरेकडून जे लोक या मुलखांत वसायला गेले, ते आपली भाषा बरोबर घेऊन गेले. १३५४ मध्ये सार्डिनिया बेटावरील आल्गेरो हे बंदर आरागोनच्या राजाच्या ताब्यात आले, तेथील जुन्या रहिवाशांना हुसकावून कातालान भाषक वसवण्यात आले, आणि आज हे शहर इटलीत असूनही तेथील जुन्या कुटुंबांत ती भाषा ऐकू येते. इटलीच्या १९९९ च्या अल्पसंख्य भाषांविषयीच्या कायद्यात तिचा समावेश आहे.

फ्रान्समधील कहाणी अधिक कठोर आहे. १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने पेर्पिन्यां शहर आणि भोवतालचा रूसियों हा मुलूख स्पेनकडून फ्रान्सकडे गेला, आणि १७०० मध्ये चौदाव्या लुईने तेथील सरकारी कागदपत्रांत कातालान वापरण्यास मनाई केली. पुढे फ्रेंच शाळांनी उरलेले काम पूर्ण केले. पिरेनीज डोंगररांगेतीलच आंदोरा या चिमुकल्या देशात मात्र कातालान ही एकमेव अधिकृत भाषा आहे. संयुक्त राष्ट्रांचा सदस्य असलेल्या एका सार्वभौम राष्ट्राच्या राजभाषेला ‘बार्सिलोनाची बोली’ म्हणणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

वालेन्सियातील लोक आपल्या भाषेला ‘वालेन्सियन’ म्हणतात आणि तिला निराळी भाषा मानणारे लोकही तेथे आहेत, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण नावाशी माणसाचा स्वाभिमान जोडलेला असतो. तथापि भाषेचे नियमन करण्यासाठी वालेन्सियाच्याच विधिमंडळाने स्थापन केलेल्या अकादमीने २००५ मध्ये स्पष्ट केले आहे की, नावे दोन असली तरी भाषा एकच आहे.

आता बोलीच्या दाव्याकडे वळू. दोन्ही भाषा लॅटिनपासून निघाल्या, पण एक दुसरीपासून निघालेली नाही. कातालानची सर्वांत जवळची बहीण दक्षिण फ्रान्समधील ऑक्सितान आहे. टेबलाला स्पॅनिशमध्ये ‘मेसा’ तर कातालानमध्ये ‘ताउला’ म्हणतात, खिडकीला ‘बेंताना’ तर ‘फिनेस्त्रा’. यांतील कातालान शब्द फ्रेंच जाणणाऱ्याला लगेच ओळखू येतील. व्याकरणातील एक फरक तर फारच बोलका आहे. ‘जाणे’ या क्रियापदाचा आधार घेऊन स्पॅनिश माणूस ‘बोय आ कान्तार’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘मी गाणार आहे’ असा होतो. त्याच क्रियापदाच्या आधाराने कातालान माणूस ‘बाच कान्ता’ म्हणतो, तेव्हा मात्र ‘मी गायलो’ असा अर्थ निघतो. मायोर्कात जन्मलेला रामोन लुल तेराव्या शतकातच या भाषेत तत्त्वज्ञान लिहीत होता.

राहिला बोलणाऱ्यांचा प्रश्न. ही भाषा बोलू शकणाऱ्यांची संख्या साधारण एक कोटीच्या घरात आहे आणि त्यांतील अनेकांची ती दुसरी भाषा आहे. फुटीरतेचा आरोप आंदोरातील, पेर्पिन्यांमधील किंवा आल्गेरोतील माणसावर कसा करणार? खुद्द कातालोनियातही तो टिकत नाही. २०२४ पासून तेथील सरकारचे प्रमुख असलेले साल्वादोर इया स्वातंत्र्याच्या विरोधात आहेत आणि सरकारचा कारभार कातालानमध्येच चालवतात. उलट एका स्वातंत्र्यवादी पक्षाचे माद्रिदमधील संसदेतले प्रवक्ते गाब्रिएल रुफियान दक्षिण स्पेनमधील आंदालुसियातून आलेल्या स्पॅनिश भाषक कुटुंबातले आहेत. मोरोक्कोत जन्मलेल्या आणि लहानपणी कातालोनियात आलेल्या लेखिका नजात अल हाश्मी यांनी २००८ मध्ये कातालान साहित्यातील रामोन लुल पुरस्कार मिळवला, तो याच भाषेत लिहिलेल्या कादंबरीसाठी.

मात्र या मजकुराला उत्तर देण्याच्या भरात कातालोनियात सगळे कातालानच बोलतात असे म्हणणेही खोटे ठरेल. तेथील शासकीय पाहणीनुसार नेहमीच्या व्यवहारात कातालान वापरणाऱ्यांचे प्रमाण २००३ मध्ये ४६ टक्के होते, ते २०२३ मध्ये सुमारे ३३ टक्क्यांवर आले. बोलता येणारे मात्र सुमारे ८० टक्के आहेत. या काळात जगभरातून लोक आल्याने लोकसंख्या वाढत वाढत ८० लाखांच्या आसपास पोहोचली, हे घसरणीचे एक मोठे कारण आहे. मला त्याहून अधिक खुपते ते दुसरे कारण: समोरचा माणूस परका वाटला की कातालान भाषक स्वतःहून स्पॅनिशकडे वळतो. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत, म्हणजे १९३९ ते १९७५ या काळात, शाळा आणि कचेऱ्यांतून ही भाषा हद्दपार झाली होती आणि सार्वजनिक ठिकाणी स्पॅनिशच बोलायची हे तेव्हा अंगवळणी पडले. त्यामुळे भाषा शिकून आलेल्या नवागताला दुकानात ती बोलण्याची संधीच पुष्कळदा मिळत नाही.