दाजी, झेनॉन टाका

फेब्रुवारीत आम्ही वणीच्या गडावरून परत येत होतो. दर्शन झालं, खाली येऊन चहा-भजी झाली आणि निघता निघता सात वाजले. द्राक्षाच्या सीझनमध्ये दिंडोरीचा रस्ता कसा असतो ते नाशिककरांना सांगायला नको, क्रेट लादलेले पिकअप, ट्रॅक्टर, मध्येच एखादी बाइक आणि तिच्यावर अख्खं कुटुंब. आमची गाडी बारा वर्षांची, तिचे हेडलाइट म्हणजे देव्हाऱ्यातलं निरांजन, त्याच्याकडे बघायचं असतं, त्याच्या उजेडात काही बघायचं नसतं. तर असा निरांजनाच्या उजेडात मी गप्पा मारत चाललेलो आणि बायको एकदम ओरडली, "अहो, ट्रॅक्टर!" समोर वीस-पंचवीस फुटांवर ट्रॉली. मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, फक्त सुतळीने बांधलेली एक जुनी सीडी लटकत होती. करकचून ब्रेक मारला, प्रसादाचे पेढे डॅशबोर्डला प्रदक्षिणा घालून आले.

मागच्या सीटवर मेहुणा झोपला होता. तो उठला, समोर बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "दाजी, झेनॉन टाका." झेनॉन म्हणजे ते मोठ्या गाड्यांचे पांढरे-निळे भगभगीत हेडलाइट.

झालं. पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातून गेले.

मला वाटलं होतं की लाइट बदलायचा म्हणजे दुकानात जायचं, जुना बल्ब दाखवायचा, "यापेक्षा जरा भारी द्या" म्हणायचं आणि घरी यायचं. मुंबई नाक्याजवळच्या एका ॲक्सेसरीवाल्याकडे गेलो तर काउंटरवरच्या पोराने विचारलं, "किती केल्विन?" आता केल्विन हा शब्द मी शेवटचा दहावीत ऐकलेला आणि तेव्हाही आमचे संबंध चांगले नव्हते. मी गप्प बसलो तर त्याने प्लास्टिकचं कव्हर घातलेला एक चार्ट पुढे केला. ४३००, ५०००, ६०००, ८०००, १०,०००, १२,०००. प्रत्येकापुढे एका गाडीचं तोंड आणि त्यातून निघणारा उजेड, वरचा पिवळट, मग पांढरा, मग निळा, आणि खाली खाली तर जांभळा, म्हणजे लग्नाच्या वरातीतला डीजे असतो तसा. "शेठ, ८००० घ्या, एकदम ऑडी लूक."

आकडा मोठा म्हणजे माल भारी, हे आपल्या रक्तातच आहे. मी ८००० वर बोट ठेवलंच होतं, तेवढ्यात त्याने विचारलं, "३५ वॉट का ५५?" मग "नॉर्मल बॅलास्ट का स्लिम?" मग "बाय-झेनॉन का फक्त लो?" मी म्हटलं घरी विचारून सांगतो. हे वाक्य म्हणजे मराठी माणसाचा हँडब्रेक, कुठेही लागतो.

घरी विचारलं तर बायको म्हणाली, "मला काय विचारताय, मी ट्रॅक्टर बघून दिला तेवढं पुरे नाही का?"

आमच्या वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड फिजिक्सचे सर राहतात. त्यांना लिफ्टमध्ये सहज विचारलं ती माझी चूक, कारण चौथ्या मजल्यावर उतरून मी रात्री साडेदहाला खाली आलो. सर म्हणाले, केल्विन म्हणजे उजेड किती ते नाहीच मुळी, केल्विन म्हणजे उजेडाचा रंग. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं, आणि अजून तापवत गेलं तर निळसर होईल, तो जो तापमानाचा आकडा, तो हा. साधा हॅलोजन ३२०० च्या आसपास. दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. "आणि तुझं ते ८००० घेतलंस ना, तर दिसायला निळं दिसेल पण रस्त्यावर उजेड कमी पडेल. सगळ्यात जास्त उजेड ४३०० चा. कंपनीतून झेनॉन लावून गाड्या येतात त्यात तोच असतो." मग त्यांनी सांगितलं की झेनॉनचे हेडलाइट पहिल्यांदा आले ते बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरीजमध्ये, १९९१ ला. त्यात फिलामेंटच नसते, काचेच्या इवल्याशा कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार, दोन टोकांमध्ये काही मिलिमीटरची फट, आणि त्या फटीत ठिणगी पाडायला वीस हजार व्होल्टच्या वर झटका द्यावा लागतो. एकदा पेटलं की मग पंच्याऐंशीच्या आसपास व्होल्टवर चालतं. ते सगळं करणारा डबा म्हणजे बॅलास्ट. वीस हजार व्होल्ट ऐकून मी मनातल्या मनात गाडीचा इन्शुरन्स कधी संपतो ते आठवून घेतलं.

आता घरात दोन पक्ष झाले. सर ४३०० चे, मेहुणा ८००० चा. बायकोने दोन्ही फोटो मोबाइलवर बघितले आणि एकच प्रश्न विचारला, "हा ४३०० वाला पिवळटच दिसतोय की, मग आत्ता आहे त्यात काय वाईट आहे? पैसे देऊन परत पिवळाच आणायचा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. शेवटी लग्नाच्या बोलणीत जसं होतं, मुलीकडचे एक बोलतात, मुलाकडचे एक बोलतात आणि कुणालाच नको असलेला हॉल ठरतो, तसं ६००० ठरलं.

वॉटचं लवकर आटपलं. ५५ वॉटवाल्याने आतला रिफ्लेक्टर भाजतो असं दोघा-तिघांनी सांगितलं, म्हणून ३५. बाय-झेनॉन, म्हणजे लो आणि हाय दोन्ही झेनॉनवर, ते मात्र घ्यावंच लागलं, कारण आमच्या गाडीत एच-४ बल्ब, म्हणजे लो आणि हाय, आपलं डिप्पर आणि अप्पर, एकाच बल्बमध्ये, ६०/५५ वॉटचा. त्यात फिलामेंट दोन असतात. झेनॉनमध्ये दोन कुठून आणणार, म्हणून एक छोटं चुंबक त्या कुपीलाच मागेपुढे सरकवतं. अप्पर-डिप्पर केलं की बॉनेटमधून "टक्" असा आवाज येतो. सुरुवातीला मला फार आवडायचा तो आवाज.

अंबडच्या एका वायरमनने दीड तासात किट बसवून दिलं. संध्याकाळी सोसायटीत गाडी भिंतीकडे तोंड करून लावली, बायको, मेहुणा, वॉचमन, दोन-तीन पोरं, सगळे जमले. बटण दाबलं. आधी काहीच नाही, मग दोन जांभळे ठिपके थरथरले, मग हळूहळू, जसा मोठा साहेब मीटिंगमध्ये येऊन बसतो तसा उजेड आला. आणि आला तो भिंतीवर नाही आला. तो आला तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या काकू बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढत होत्या, त्यांनी डोळ्यांवर हात धरून खाली बघितलं आणि विचारलं, "शूटिंग आहे का कसलं?"

सर खाली आलेच होते, त्यांनी कारण सांगितलं. एच-४ मध्ये डिप्परच्या फिलामेंटच्या खाली एक छोटीशी वाटी असते, खालून जाणारा उजेड ती अडवते, म्हणून डिप्परचा उजेड वर उडत नाही. रिफ्लेक्टरचा सगळा हिशोब त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला. तिथे दुसराच दिवा आणून बसवला की उजेड जिथे जायचा तिथे जात नाही, झाडांवर जातो, बाल्कनीत जातो, समोरच्याच्या डोळ्यात जातो. झेनॉनला त्याच्यासाठीच बनवलेला रिफ्लेक्टर, नाहीतर पुढे भिंग असलेला प्रोजेक्टर लागतो. "हे आधी का नाही सांगितलंत सर?" तर म्हणाले, "तू केल्विन विचारलं होतंस." शिक्षक तो शिक्षकच, विचारलं तेवढंच सांगणार.

तरी मी पंधरा दिवस चालवली. गंगापूर रोडला वडाच्या फांद्या पारंब्यांसकट स्पष्ट दिसायच्या, खड्डा मात्र गाडी आत गेल्यावर कळायचा. आकाशवाणी नाशिक लावलं की बातम्यांच्या मागे भुंगा गुणगुणायचा, तो बॅलास्टचा. समोरचे ट्रकवाले अप्पर मारून मारून थकले, एकाने तर गाडी हळू करून काच खाली घेतली आणि माझ्या घराण्याची चौकशी केली. कसारा घाटात धुकं लागलं त्या रात्री तर काय सांगू, समोर पांढरी भिंतच उभी, जणू कुणी काचेला चादर लावलीये, मी इगतपुरीपर्यंत एका एसटीच्या मागच्या दिव्यांना धरून आलो. शेवटी द्वारकेला ट्रॅफिकवाल्या हवालदारांनी बाजूला घेतलं. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "काय साहेब, मॅच आहे का डे-नाइट?" मग मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीने दिली त्यात असा बदल करता येत नाही, वगैरे. मी मान खाली घालून उभा. फार सभ्य माणूस होता, पण मागे माझ्या ऑफिसमधले दोघं स्कूटरवर थांबून बघत होते ते वाईट.

दुसऱ्या दिवशी किट काढायला एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी किट बघितलंच नाही. हेडलाइटच्या काचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "याला मोतीबिंदू झालाय."

मी नीट बघितलं. खरंच की. काच म्हणतो आपण पण असतं ते पॉलीकार्बोनेट, उन्हाने पिवळं पडतं, आणि बारा वर्षं सोसायटीत गाडी उन्हात लावलेली. पुसायचो मी रोज, दिसलं कधीच नाही. चाचांनी पाणी मारत मारत ८०० चा पॉलिश पेपर, मग १५००, मग २०००, मग रबिंग. पिवळं दुधासारखं पाणी बंपरवरून ओघळत होतं. मग मीटर लावला, बॅटरीवर १३.८ व्होल्ट, आणि बल्बच्या होल्डरला ११.९. बाकीचे दोन व्होल्ट बारीक वायरीत आणि स्विचमध्ये मुरत होते. व्होल्टेज दहा टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड तीसएक टक्क्यांनी पडतो, असं सर नंतर म्हणाले, अर्थात मी विचारल्यावर. चाचांनी रिले टाकून, म्हणजे स्विचने फक्त इशारा द्यायचा आणि करंट थेट बॅटरीतून बल्बला जायचा अशी सोय करून, बॅटरीपासून जाड वायर ओढली, साधाच ६०/५५ चा नवा हॅलोजन बसवला, भिंतीवर खडूने रेघ मारून फोकस लावून दिला. सगळं मिळून झेनॉन किटच्या निम्म्यातही नाही. आणि रस्ता दिसायला लागला हो, नुसता रस्ता, फांद्या नाहीत, काकू नाहीत.

किट घरात खोक्यात पडलं होतं. मेहुणा म्हणाला, दाजी वाया कशाला घालवता, मी घेतो. मी त्याला कलम ५२ सांगितलं, वाटीचं सांगितलं, कसाऱ्याचं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्याकडे नीट बसवलं नव्हतं." अर्ध्या किमतीत घेऊन गेला.

परवा परत गडावर गेलो, दोन गाड्या करून. येताना तो मागे. दिंडोरीच्या अलीकडे अंधार पडला आणि आमची गाडी आतून उजळली, आरशात बघायची सोय नाही, माझी आणि बायकोची डोक्यांची सावली समोरच्या काचेवर. मी हात बाहेर काढून पुढे जा, पुढे जा केलं तर फोन आला, स्पीकरवर टाकला.

"दाजी, तो डाव्या बाजूचा ट्रॅक्टर दिसला ना?"

दिसला होता. सीडीसुद्धा दिसली होती. बायको खिडकीबाहेर बघून हसत होती आणि मी फोनवर म्हटलं, "हो रे, दिसला, पण तू आधी डिप्पर मार." मागून त्याचं ते टक् काही ऐकू आलं नाही, उजेड मात्र जिथल्या तिथे.

"दाजी, डिप्परवरच आहे."