गप्प बसा नं, काका

मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या दवाखान्यात कोणाची छाती तपासायची, तर आधी कूलर बंद करावा लागतो. कूलरची घरघर आणि दम्याची घरघर कानाला सारखीच. फरक इतकाच, की पाणी भरलं की कूलर सुधारतो, फुफ्फुस नाही. पण बाहेर ४५ डिग्री! कूलर थांबला रे थांबला की बाकावरून ओरड येते, "लाईन गेली का बे?"

परवा एक काका आले, खोकत. "श्वास घ्या," म्हटलं. घेतला आणि ठेवून दिला, एफडी केल्यासारखा. "सोडा नं, काका!" सोडला तो थेट माझ्या तोंडावर. सकाळी तर्री-पोहे झाले होते, हे निदान तिथंच पक्कं.

"आता तोंड उघडं ठेवून लांब श्वास घ्या."

इथं माझंच चुकतं. तोंड उघडलं की नागपूरचा माणूस श्वास घेत नाही, बोलतो. "मी काय म्हणून राहिलो होतो डॉक्टरसाहेब, भाचीचं लग्न..." छातीवर स्टेथो असताना कोणी बोललं, की पोळ्यानंतरची मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक ढोलताशासकट कानातून निघते. इडा पीडा घेऊन जा गे मारबत!

१८१६ साली पॅरिसच्या डॉक्टर लाएनेकना एका तरुणीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून ऐकलं. त्यातून हे यंत्र निघालं. नळी इकडे पोचली, संकोच तिकडेच राहिला. कारण सोबत आलेल्या काकूंनी पदर सावरत गुडघा पुढे केला. "इथंही लावा नं, लई दुखून राहिला." लावला. काय करता? "आता जरा बरं वाटून राहिलं," म्हणाल्या.

काकांच्या छातीत कुरकुर ऐकू आली. निमोनिया? की छातीवरचं जंगल? केस घासले तरी हुबेहूब तस्साच आवाज येतो. केस ओले करून पुन्हा ऐकलं, कुरकुर गायब. तरी पाठीमागून खात्री करावी म्हटलं. निमोनियानं फुफ्फुस घट्ट झालं असेल तर तिथून बोलणं जास्त स्पष्ट ऐकू येतं. म्हणून पाठीला स्टेथो लावला आणि म्हणालो, "काका, आता बोला."

दवाखान्यात पहिल्यांदाच शांतता पसरली.

"काय बोलू?"

"काहीही. एक, दोन, तीन म्हणा."

काकांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. आणि काकू मोजायला लागल्या.