मालकाचं उत्तर: दोन तास नाही भाऊ, एक तास बावीस मिनिटं

नमस्कार भाऊ,

तुमची रुतलेली पिकअप काढायला आमची क्रेनगाडी आली होती, त्यावरचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो. भर पावसात, रात्रीची वेळ, केळीने भरलेली पिकअप चारीत, अशा वेळी माणसाचा जीव कसा टांगणीला लागतो ते आम्ही नेहमी बघतो. तुमच्या मेव्हण्यांवर मी आवाज चढवला, तेही चुकलंच. त्याची वेगळी माफी.

तुम्ही लिहिलंय, ‘दोन तास वाट बघायला लावली. फोनवर मागे ताटांचा आवाज येत होता, निवांत जेवत बसले होते. 2,500 सांगून 3,500 घेतले. वरून दादागिरी. यूट्यूबवर लोक बर्फात रुतलेली पिकअप दहा मिनिटांत काढतात, यांना चिखलातली जमत नाही.’ बाकीचं मी गिळलं असतं भाऊ. पण ते ‘दोन तास’ आणि ‘निवांत जेवत’ काही केल्या गिळलं जात नाही. चार दिवस झाले, रोज रात्री झोपताना तेच वाचतो.

हो, मी जेवत होतो. रात्रीचे 10:52 झाले होते, दिवसभरातलं पहिलं जेवण होतं. तुमचा फोन आला तेव्हा ताटात कळण्याची अर्धी भाकरी आणि शेवभाजी होती, ती तशीच राहिली. घरात विचारा. मी तुम्हाला ‘पाऊण तासात येतो’ म्हणालो. माझ्या मोबाईलमध्ये सगळे कॉल वेळेसकट आहेत, म्हणून आता वेळेसकटच सांगतो.

हेल्परला त्याच्या घरून उठवून 11:10 ला गाडीपाशी आलो. बॅटरीच्या टर्मिनलवर गंज चढला होता, त्यामुळे क्रेनगाडी सुरू व्हायला सात मिनिटं गेली. ती सात मिनिटं माझी, कबूल. 11:17 ला सावद्यातून निघालो. 11:37 ला वाघोद्याला पोहोचलो. बघा, बरोबर पाऊण तास होतो. पण तुम्ही फोनवर नुसतं ‘वाघोद्याजवळ, रस्त्याला लागूनच’ एवढंच सांगितलं होतं. आपल्याकडे वाघोदे दोन, मोठं आणि लहान. मी लहान वाघोद्याच्या शिवारात बॅटरी मारत फिरतोय, तुम्ही मोठ्याकडे. कोणतं वाघोदं हे मी विचारायला पाहिजे होतं, पण तुम्हीही याच भागातले आहात भो, नुसतं वाघोदं म्हणून कसं चालेल?

11:41 पासून मी तुम्हाला फोन लावतोय. पाच वेळा लावला, पाचही वेळा बिझी. 11:58 ला लागला. लोकेशन आलं 12:02 ला. तुमच्यासमोर आलो तेव्हा 12:14 झाले होते. म्हणजे एक तास बावीस मिनिटं. त्यातली सदतीस मिनिटं वाघोद्यात गेली.

आणि फोन बिझी का होता ते तिथे आल्यावर कळलं. तुम्ही मधल्या वेळात ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं होतं. माझा राग त्याच्यावर नाही, अडल्या माणसाने दहा ठिकाणी हात मारावेतच. पण त्याने बंपरला साखळी बांधून आडवी ओढ दिली आणि एक चाक उतरलेली गाडी दोन्ही मागच्या चाकांनी चारीत घसरवली. बंपर वाकला तो तेव्हा. तुम्ही तो माझ्या नावावर लिहिला नाहीत, त्याबद्दल आभार मानतो, खरंच. पण फोनवरचे 2,500 हे एका चाकाचे होते. प्रत्यक्षात हाऊजिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारा लोखंडी भाग) जमिनीला टेकलेलं, गाडी पोटावर बसलेली. 3,500 होतील हे मी वायर बांधायच्या आधी बोललो होतो. तुम्ही ‘काढा आधी’ म्हणालात. हे मी लिहून घेतलं नाही, त्यामुळे आता माझा शब्द आणि तुमचा शब्द. असो.

बर्फाचं सांगतो. ते व्हिडिओ मीही बघतो, या धंद्यातला कोण बघत नाही? माझा आतेभाऊ ट्रकवर मनालीच्या पुढेपर्यंत जाऊन आलाय. तो सांगतो, बर्फात गाडी गेली की आधी मागचा सायलेन्सरचा पाइप मोकळा करायचा, नाहीतर चालू इंजिनचा धूर केबिनमध्ये भरून आतला माणूस गुदमरतो. मग फावड्याने गाडीच्या पोटाखालचा आणि चाकांपुढचा बर्फ काढायचा, वाळू नाहीतर फळ्या टाकायच्या, चाकांना साखळ्या चढवायच्या. बर्फ उचलला की बाजूला होतो, खाली बहुतेक टणक जमीन लागते. आणि व्हिडिओत झटका देऊन गाडी उडवतात ना, ती दोरी नायलॉनची असते, रबरासारखी ताणली जाते. माझ्याकडे पोलादी वायर आहे. ती तशी ताणली जात नाही. तिने झटका दिला की हुक तुटतो नाहीतर वायर.

आपली तापीकाठची काळी माती वेगळं प्रकरण आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते, पावसाळ्यात तीच फुगते आणि जे धरेल ते सोडत नाही. फावडं मारलं की फावड्यालाच चिकटते, दर तीन घावांनी पायाने खरवडायची. त्यात तुमच्या ड्रायव्हरने रेस दिली, देत राहिला. मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाडीत एक चाक मोकळं झालं की सगळा जोर त्यालाच जातो. ते भिरभिरत खाली खड्डा खणतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही. मी आलो तेव्हा डावं चाक अर्ध्याच्या वर मातीत होतं आणि त्याखाली केळीची खांबं टाकलेली. खांब म्हणजे पाणीच की हो, त्यावर चाक साबणावर ठेवल्यासारखं फिरतं.

माल उतरवा म्हणालो, तर तुम्ही नको म्हणालात, फण्यांना डाग पडतो, भाव जातो. बरोबर आहे, मीही शेतकऱ्याचाच पोरगा आहे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण वावरातून डांबरीपर्यंत केळी नेताना अजून हेच हाल. मग भरल्या गाडीचंच काम केलं. (पासिंग, म्हणजे कागदावर वजनाची परवानगी किती आणि माल किती होता हे मी कुठे बोललो नाही, बोलणारही नाही.) मागच्या चाकांची हवा कमी केली, तुमचाच जॅक फळीवर ठेवून हाऊजिंग चार बोटं उचललं, चाकांपुढची माती काढली, पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि बारदान भरलं. क्रेनगाडी साईडपट्टीवर घेतली असती तर तीही रुतली असती, म्हणून डांबरीवर उभी केली आणि हेल्परला बॅटरी देऊन बुऱ्हाणपूरकडून येणाऱ्या ट्रकांसाठी मागे उभं केलं. तुमच्या गाडीच्या पुढच्या हुकात पुली अडकवली, वायर त्यातून फिरवून पुढच्या निंबाला पट्ट्याने बांधली. अशाने ओढ दुप्पट होते, पण वेग निम्मा होतो. गाडी मुंगीच्या पावलाने येते म्हणून तुम्हाला वाटलं मी टाइमपास करतोय. 1:10 ला चारही चाकं डांबरीवर होती. मग हवा भरून दिली, तो वेळ मी मोजलेला नाही. एक फणी मोडली नाही.

आता ओरडण्याचं. वायर ताणलेली असताना तुमचे मेव्हणे मोबाईल घेऊन व्हिडिओ काढत तिच्यावरून पाय टाकून पलीकडे गेले. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा मी ‘दाजी, बाजूला व्हा’ म्हणालो. दुसऱ्यांदा जे म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही. माझ्या क्रेनगाडीच्या केबिनमागे लोखंडी जाळी आहे. तिच्या मधोमध वीतभर खोक पडलीय, गज आत वाकलेत. मागे एकदा वायर तुटून तिचं टोक तिथे बसलं होतं. जाळी नसती तर ते माझ्या मानेवर आलं असतं. मेव्हण्यांना गॅरेजवर घेऊन या, दाखवतो. चहा पाजतो. शिवीची माफी समोर मागतो.

हे एवढं लांबण लावण्याचं कारण सांगतो. गावातले लोक मला ओळखतात, ते रिव्ह्यू वाचत नाहीत. पण रात्री हायवेवर फसलेला परका ड्रायव्हर माणूस बघत नाही, मोबाईलवर स्टार बघतो. तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसतो. क्रेनगाडीचे हप्ते अजून चालू आहेत. परवा एकाने फोनवर भाव विचारला आणि मग म्हणाला, ‘तुम्ही तेच ना, जेवून मग येणारे?’ मी हसलो. दुसरं काय करणार?

यापुढे निघण्याआधी लोकेशन मागवणार, रेट मेसेजवर पाठवणार, बॅटरीचंही बघतो. हेल्परलाही नीट बोलायला सांगितलंय, खरं तर तो बिचारा काही बोलतच नाही, बोलतो मीच. तुम्हाला वाटलं तर रिव्ह्यू बदला, नाही वाटलं तर राहू द्या. फक्त ‘दोन तास’ तेवढं दुरुस्त करा.

आणि हो, तुमच्या जॅकचा दांडा आमच्याकडेच राहिलाय. चिखल धुऊन दाराशी टांगून ठेवलाय. केव्हाही घेऊन जा, त्याचे पैसे नाहीत.