‘दहा हजारांत चार’ हा आकडा मुलांचा नव्हे

अमेरिकेतील मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर शाळेच्या खेळांचा हंगाम तोंडावर आला की एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : हायस्कूलच्या खेळांमध्ये कन्कशन, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूचे काम तात्पुरते बिघडणे, हे दहा हजारांत अवघ्या चौघांना होते, तेही फुटबॉल (म्हणजे अंगावर धडकून खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल) खेळणाऱ्या मुलग्यांनाच, आकडे वाढलेले दिसतात ते नव्या कायद्यांनी उडवलेल्या घबराटीमुळे, आणि मूल बेशुद्ध पडले नसेल व स्कॅनमध्ये काही निघाले नसेल, तर कन्कशन झालेलेच नसते. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. मुलांनी मैदानावर जावे, असे मलाही मनापासून वाटते; पण या चारही विधानांवर विसंबून त्यांना तेथे पाठवणे मला मान्य नाही.

‘दहा हजारांत चार’ हा आकडा बनावट नाही, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला गेला आहे. 2013-14 ते 2017-18 या पाच शालेय वर्षांत वीस खेळांची पाहणी झाली, शाळांतील अ‍ॅथलेटिक ट्रेनरनी, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या प्रशिक्षितांनी, 9,542 कन्कशनची नोंद केली आणि त्यावरून दर 10,000 हजेऱ्यांमागे 4.17 असे प्रमाण निघाले. येथे हजेरी म्हणजे एका खेळाडूने एका सरावाला किंवा एका सामन्याला उतरणे. एकच मूल एका हंगामात पन्नास-साठ वेळा उतरते, म्हणून हा आकडा मुलांच्या संख्येला लावताच येत नाही. रोज घाट उतरणाऱ्या एसटी चालकाची वर्षभराची जोखीम आपण एका फेरीच्या जोखमीइतकी धरत नाही, तसेच हे आहे.

हिशेब करूनच पाहू. फुटबॉलमध्ये 2017-18 साली 10,000 हजेऱ्यांमागे सामन्यांत 39.07 आणि सरावात 4.44 कन्कशन नोंदली गेली. साठ मुलांचा संघ, पन्नास सराव आणि दहा सामने धरले, तर सरावाच्या 3,000 आणि सामन्यांच्या 600 हजेऱ्या होतात, आणि एका हंगामात तीन ते चार कन्कशन अपेक्षित ठरतात. सगळीच मुले प्रत्येक सामन्यात उतरत नाहीत, म्हणून तीनच धरा. संदेशातला अर्थ खरा मानला, तर याच संघात चाळीस वर्षांतून एकदा कन्कशन व्हायला हवे.

शिवाय ही झाली ट्रेनरपर्यंत पोहोचलेली प्रकरणे. मिलवॉकी परिसरातील 1,532 हायस्कूल फुटबॉलपटूंच्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कन्कशन झालेल्यांपैकी 47.3 टक्के मुलांनीच ते कोणाला तरी सांगितले होते. न सांगण्याचे सर्वांत मोठे कारण ‘एवढे काही गंभीर वाटले नाही’ हे होते आणि त्याखालोखाल ‘खेळातून बाहेर काढतील’ ही धास्ती होती. उलट बाजूने, 2017 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हायस्कूलच्या 15.1 टक्के विद्यार्थ्यांनी, म्हणजे सुमारे 25 लाख मुलांनी, मागील बारा महिन्यांत खेळताना किंवा व्यायाम करताना निदान एक कन्कशन झाल्याचे सांगितले. सहा टक्क्यांनी दोन किंवा अधिक सांगितली. हे मुलांचे स्वतःचे सांगणे आहे, डॉक्टरांचे निदान नव्हे, त्यामुळे हा आकडा थोडा चढा असू शकतो हे मी मान्य करते. तरीही शंभरात पंधरा आणि दहा हजारांत चार यांतले अंतर तेवढ्याने भरून निघत नाही.

‘फुटबॉल खेळणाऱ्या मुलग्यांनाच’ हे विधान तर वीस खेळांच्या त्या पाहणीनेच खोडले आहे. दर 10,000 हजेऱ्यांमागे 10.40 कन्कशनसह फुटबॉल पहिला होता खरा, पण दुसरा क्रमांक मुलींच्या सॉकरचा (आपण भारतात ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचा) होता, 8.19. जे खेळ मुलगे आणि मुली दोघेही खेळतात, त्यांत मुलींचे प्रमाण मुलग्यांच्या दुपटीहून अधिक भरले.

कायद्यांबाबतच्या आक्षेपात अर्धे तथ्य आहे. वॉशिंग्टन राज्यात 2006 साली झॅकरी लिस्टेट हा तेरा वर्षांचा मुलगा डोके आपटल्यानंतर त्याच सामन्यात पुन्हा खेळला आणि मेंदूतील रक्तस्रावाने मरता मरता वाचला. 2009 साली कन्कशनचा संशय येताच खेळाडूला बाहेर काढायला लावणारा कायदा त्याच्या नावाने झाला आणि 2014 पर्यंत सर्व राज्यांनी तसे कायदे केले. त्यांमुळे पूर्वी दडून राहणारी प्रकरणे नोंदवहीत येऊ लागली, हे खरे. परंतु पाहणीच्या ज्या पाच वर्षांत फुटबॉल सामन्यांतील दर 33.19 वरून 39.07 वर गेला, त्याच पाच वर्षांत सरावातील दर 5.47 वरून 4.44 वर आला, आणि याच काळात अनेक राज्यांनी सरावातील थेट धडकांवर मर्यादा घातली होती. आकडे केवळ घबराटीने फुगले असते, तर ते सरावातही फुगायला हवे होते.

राहिले बेशुद्धीचे. न्यू जर्सीतील एका मैदानावर माझ्या मुलीच्या संघातील एक मुलगी चेंडू डोक्याने मारायला उडाली आणि तिचे डोके दुसरीच्या डोक्यावर आपटले. ती पडली, लगेच उठली, हसली आणि खेळू लागली. दहा मिनिटांत तिने दोनदा विचारले की गुण किती झाले. संध्याकाळी तिला दिव्याचा प्रकाश सहन होईना आणि पुस्तकातली एकच ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. ती क्षणभरही बेशुद्ध झाली नव्हती, आणि दहापैकी नऊ कन्कशनमध्ये मूल बेशुद्ध होतच नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीचे फ्रॅक्चर दिसते. मेंदूच्या कामातला बिघाड त्यात दिसत नाही, म्हणून स्कॅन स्वच्छ येणे हा कन्कशन नसल्याचा पुरावा नव्हे.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या 69 किशोरवयीन खेळाडूंच्या अभ्यासात, मार लागताच बाहेर काढलेल्यांना बरे व्हायला सरासरी 22 दिवस लागले आणि खेळत राहिलेल्यांना 44. म्हणूनच हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी निदान बेशुद्धीची ओळ तरी त्यातून काढावी, कारण ती वाचलेले पालक मैदानाच्या कडेला उभे राहून, उठून हसणाऱ्या मुलीला ‘काही झालं नाही, खेळ’ असे सांगतील.